डाव्या बाजूचं पायदान

मला दुसरेपणावर दिली होती. महागावजवळच्या त्या घरात मी आले तेव्हा पहिलीचा एक फोटोसुद्धा भिंतीवर नव्हता. लुगडी वाटून टाकलेली, भांड्यांवरचं नावही घासून काढलेलं. मला बरं वाटलं. मग अंगणात ती मोटरसायकल दिसली. पहिलीच्या बापानं लग्नात दिलेली.

ती बाई ह्याच गाडीवरून पडून गेली, पुसदच्या रस्त्यावर. सासूबाईंनी एवढंच सांगितलं, त्यापुढं घरात कोणी तोंड उघडत नसे. मी असते तर असली गाडी भंगारात घातली असती. आमचे हे मात्र दर रविवारी आंघोळ झाली की पोतं अंथरून तिच्यापुढं बसायचे. इंजिनाची झाकणं, चाकांचे ड्रम, जे जे म्हणून अॅल्युमिनियमचं होतं ते सगळं घासायचे. आधी रॉकेलनं धुवायचं, मग पाणीपेपर, म्हणजे घासायचा कागद, ओला करून, आधी जाड मग बारीक. मग साबणासारखी पांढरी वडी लावून कापसानं चोळायचं. फवारणीच्या औषधानं अन् धुळीनं ते अॅल्युमिनियम आठवड्यात राखेसारखं व्हायचं, अन् हे पुन्हा बसायचे.

कापसाला तोटा नव्हता. भाव पडला म्हणून लोकांनी माल घरातच ठेवलेला. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरली होती, उरलेल्या जागेत आम्ही झोपायचो, अंगाला नुसती खाज सुटायची. त्या गंजीतला चांगला पांढरा कापूस निवडून हे बोटांनी सरकी काढत बसायचे, गाडीसाठी. माझी उशी भरायची राहिली होती ती राहिलीच. मी दोनदा म्हणून पाहिलं, मग म्हटलं मरो.

जिवंत सवत असती तर भांडले तरी असते, तिच्या चुलीत पाणी ओतलं असतं. मेलेल्या बाईचं काय करता? माझ्या हातच्या भाजीला ह्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, अन् त्या इंजिनाच्या झाकणावरून हात कसा फिरायचा! हळू, गोल गोल, फुंकर मारून. मी ओट्यावर तूर निवडता निवडता बघायची अन् माझं डोकं तापायचं.

सगळ्यात जास्त मी जळायची ती एका गोष्टीवर. गाडीच्या डाव्या बाजूला, बाईमाणसाला पाय ठेवायला पायदान असतं, तेही अॅल्युमिनियमचंच. सगळी गाडी लखलख करायची अन् ते तेवढं काळवंडलेलं, ओरखड्यांनी भरलेलं. हे त्याला कधी हातच लावत नसत. मला समजायला वेळ लागला नाही. तिचे पाय तिथं असायचे. तिच्या चपलांच्या खुणा ह्यांनी जपून ठेवल्या होत्या, अन् मी बाजाराला जाताना माझे पाय त्या खुणांवर ठेवून बसायची. नवऱ्याच्या पाठीमागं बसून मी मनातल्या मनात त्या बाईला शिव्या घालायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी ह्यांचं बोट बैलाच्या दोरात सापडलं. चांगलं मोठं बांडेज. आमच्याकडं दसऱ्याला वखर, पाभर, विळे सगळे धुऊन पुजतात, त्यांच्या रांगेत गाडी. मळकी गाडी पुजायची नाही म्हणून हे अस्वस्थ झाले, अन् शेवटी मलाच बसवलं. मी पोत्यावर, हे बाजेवर. कुठं कसा हात फिरवायचा ते सांगत होते. खरं सांगते, ते झाकण माझ्या हाताखाली उजळायला लागलं तेव्हा मलाही बरं वाटलं. ह्यांनी पहिल्यांदा माझ्या कामाला चांगलं म्हटलं.

तेवढ्यानं माझी हिंमत वाढली. ड्रम झाले तशी मी उठून डाव्या बाजूला गेले अन् बारीक कागद घेऊन पायदानावरच बसवला. ओरखडे जायला लागले. वडी लावली, कापूस घेतला. एक कोपरा चांदीसारखा निघाला. हे बाजेवरून उठून आले अन् माझं मनगट धरलं.

"ते राहू दे."

"काहून? तिच्या पायाचे वण पुसतीन म्हणून?"

इतक्या वर्षांचं बाहेर पडलं. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं आता कानाखाली बसते. हे खालीच बसले, पोत्यावर, माझ्या शेजारी.

"तिचे वण नाहीत ते," हे म्हणाले. "तिच्या वक्ती ते आरशावाणी होतं. दसऱ्यालेच चमकावलं होतं म्या. सोनं द्याले चाललो होतो तिच्या माहेरी. गिट्टीच्या रस्त्यावर गाडी उसळली अन् तिचा पाय त्याच्यावरूनच घसरला."

कापूस हातातच होता.

"तुले आणाच्या आदल्या दिवशी कानस घेऊन बसलो अन् सारं खरवडून टाकलं. तुहा पाय घसरू नये म्हणून."

बांडेजच्या हातानं ह्यांना कानस चालवता आली नसती. मी कापूस टाकला, कानस शोधून आणली अन् तो चकचकीत कोपरा खरवडायला लागले. कानस नुसतीच वरून फिरत होती.

"जोरानं घास," हे म्हणाले.