बिबट्या तिसऱ्या कडव्यात येतो: ओतूर, डिंगोरे, निरगुडसर

निरगुडसरला एका ओट्यावर बशीतून चहा पीत बसलो होतो. समोर बसलेल्या शांतामावशींनी विचारलं, "बिबट्या? त्या गाण्यात बिबट्या कुठनं आला?" माझं सगळं बदललं ते त्या क्षणी. बशी हातातच राहिली.

पण आधी निघालो कसे ते सांगतो, म्हणजे कुणाला हा रस्ता करायचा असेल तर उपयोग होईल. जुन्नर-आंबेगावात येणारे किल्ले बघतात, मिसळ खातात आणि परत जातात. आम्ही लोकांना प्रश्न विचारत फिरलो.

आमच्याकडे उसात बिबटे राहतात. लोकांनी सावध राहावं म्हणून ओतूरच्या एका छोट्या संस्थेनं गावोगाव जीप फिरवली. जीपवर भोंगा, भोंग्यात गाणं. शब्द माझे, चाल माझी, आवाजही माझाच. एस.वाय.ला सरांशी भांडून, वर्गाचं दार आपटून कॉलेज सोडलं, त्यानंतर पहिल्यांदा कुणी मला काम दिलं ते हे. यंदा संस्थेनं ठरवलं की पुढच्या फेरीआधी लोकांना जाऊन विचारायचं, तुमच्यापर्यंत काय पोचलं? लोक सांगतील त्यावरून गाणं ठेवायचं की काढायचं ते ठरणार. आणि विचारायचं काम पायलकडे.

पायल म्हणजे ओतूरच्या पेठेतल्या कापड दुकानदारांची मुलगी. घरात मारवाडी, बाहेर माझ्याहून चोख मराठी. समाजकार्याचं शिकतेय. मी लगेच म्हणालो, मी पण येतो. का म्हणालो ते वाचणाऱ्यांनी ओळखावं. तिनं सोडून बाकी सगळ्या ओतूरनं ओळखलंय.

"ये," ती म्हणाली, "पण जीप न्यायची नाही. आणि गाणं तुझं आहे हे कुठं बोलायचं नाही."

"का? लाज वाटते?"

"तोंडावर कोण वाईट बोलेल रे?"

ती तिच्या स्कूटीवर, मी माझ्या बाईकवर, मागे. ओतूर ते डिंगोरे रस्ता मस्त आहे, फक्त माळशेजकडे जाणारे ट्रक सांभाळा. सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना कांदा, आणि पुढे तिची ओढणी स्कूटीच्या चाकात जाईल की काय ही काळजी. दोनदा हॉर्न वाजवून सांगितलं. दोन्ही वेळा तिला वाटलं मला पुढे जायचंय.

डिंगोऱ्यात घरोघर विचारत फिरलो. भर दुपारी एक काका अंगणात बाजेवर झोपलेले. आमच्या आवाजानं उठले. पायलनं विचारलं, "काका, गावात एखादी भोंग्याची जीप आली होती का?"

"आली व्हती ना. कुणीतरी गात व्हतं. आईस्क्रीमवाला आसंल."

"आईस्क्रीमवाला?" मी उसळलो. पायलनं माझ्याकडे असं बघितलं की मी समोरच्या गोठ्यातल्या म्हशी बघायला लागलो.

"आता आसं बघा पावणं," काका म्हणाले, "आमाला थ्री फेज लाईट रातची. रातभर पिकाला पाणी देत उभं ऱ्हायाचं, दुपारी झोपायचं. आन् ती जीप येती ऐन झोपंच्या वक्ताला. मी तं कानावं उशी घेतो."

म्हणजे ज्या माणसाची बिबट्याशी गाठ पडायची शक्यता सगळ्यात जास्त, तो माझं गाणं चुकवायला कानावर उशी घेतो. पायल शांतपणे लिहीत होती. मला तो कागद फाडावासा वाटला.

तिथून पश्चिमेला, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं डोंगरातल्या एका वाडीत गेलो. रस्ता शेवटी फक्त खड्ड्यांचाच आहे, टायर बघून जा. इथं भातखाचरं आणि नाचणी, ऊस औषधालाही नाही. ज्यांच्या घरी गेलो त्या कोंडीबांनी आधी जेवायलाच बसवलं. नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी. पैसे विचारायची हिंमत करू नका, माणसं रागावतात. गाणं त्यांना अख्खं पाठ होतं. खड्ड्यांमुळे जीप तिथं रांगत जाते, त्यामुळे शेवटपर्यंत ऐकू येतं. मी खूश होऊन पायलकडे बघितलं.

"बिबट्यापासून कसं जपायचं ते बी हाये त्यात," कोंडीबा म्हणाले. "पर त्यो उसातला. आमच्यात ऊस न्हाई. खालच्या लोकांसाठी आसंल आसं आमाला वाटलं."

"मग शेळ्या रात्री कुठं बांधता?" पायलनं विचारलं.

"अंगणात. का वं?"

आम्ही दोघंही जेवायचं थांबलो. बिबट्याला ऊस नाही, शेळी लागते. त्या दिवशी शेळ्या घरात घ्यायला लावूनच उठलो.

दुसऱ्या दिवशी आळेफाटा, नारायणगाव, मंचर आणि तिथून डावीकडे वळून निरगुडसर. हायवे मोठा आहे, पण मोकळा मिळेलच असं नाही. मंचर सोडलं की दोन्हीकडे ऊस इतका उंच की रस्ता भिंतींमधून चालल्यासारखा.

शांतामावशींचं घर अगदी रस्त्याला, मागे त्यांचाच ऊस. गाणं विचारल्यावर त्या खुलल्या. "'दिवा लाविला मी दारी, सखे येशील का गं घरी.' लई ग्वाड! ह्या पोराचा जीव कुणावर तरी लई जडलाय बघ. आवाजातच कळतंय."

माझे कान तापले. पायलनं मान खाली घातली ती वर करेना.

"आणि बिबट्याचं?" तिनं कागदाकडे बघतच विचारलं. तेव्हा तो प्रश्न आला, जो मी सुरुवातीला सांगितला.

मला राहवलं नाही. "अहो मावशी, तिसऱ्या कडव्यात आहे की! एकट्यानं जाऊ नका, वाकून काम करताना मोठ्यानं बोला, सगळं आहे!"

"जीप हितनं त्या चिंचंपातूर जाईस्तवर आमाला ऐकू येतंय. तवर निस्ता दिवाच लावतोय त्यो."

पायल म्हणाली, "जा, बघून ये." मोबाईलवर गाणं लावलं, जीपच्या वेगानं बाईक चिंचेपर्यंत नेली. चिंच आली. मी अजून दिवाच लावत होतो.

परत आलो तर मावशी ओट्यावर उभ्या राहून, उसाकडे तोंड करून, आत खुरपणाऱ्या बायकांना हाका मारत होत्या. "सविते! उभी ऱ्हा! बोलत ये गं! सुमन! एकटी येऊ नगं!" आतून एकेक "ओऽ" येत होती. सगळ्यांची ओ आल्याशिवाय मावशी ओट्यावरून उतरत नाहीत, रोज संध्याकाळी हेच. पायलनं माझ्याकडे बघितलं. मला कळलं होतं, पण कळलंय हे कबूल करायचं नव्हतं.

परतताना नारायणगावात मिसळ. झणझणीत मागितली, त्यात आधीच डोकं तापलेलं. "लिही मग, गाणं काढून टाका! माझं काम संपलं!"

"ओरडू नको, लोक बघतायत. गाणं वाईट आहे असं कोण म्हणालं? मी रोज ऐकते."

"काय?"

"रोज ऐकते. पण मी उसात वाकून खुरपत नाही ना." आणि माझ्या प्लेटमधला पाव उचलून खाल्ला. त्यानंतर ओतूरपर्यंत रस्ता कसा होता हे मला विचारू नका.

संस्थेच्या बैठकीत पायलनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, आईस्क्रीमवाल्यासकट. मग मीच उठून म्हणालो, गाणं जीपवरून उतरवा. आता जीप संध्याकाळी निघेल आणि वस्तीवर थांबेल. डोंगरात उसाऐवजी शेळ्यांचं बोलेल. आणि पहिल्या शब्दापासून बिबट्या.

सहलीतून घरी काय आलं? चिंचेचं ते झाड आणि नाचणीची चव. काकांची उशी आठवली की अजून राग येतो, मग हसूही येतं. गाण्याचा राग मात्र गेला. ते आता एकाच मोबाईलवर वाजतं, तेवढं मला पुरे.

काल मावशी ओतूरला लेकीकडे आल्या होत्या, तेव्हा जीपवर लावायला त्यांचीच हाक रेकॉर्ड करावी म्हणून आमच्या घरी आणलं. माझ्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, माईक लावला. मावशी माईकपुढे पुटपुटायला लागल्या.

"मावशी, उसात मारता तशी मारा की हाक!"

"तुज्यासमोर लाज वाटती रं. तू गाणारा माणूस. जा भायेर."

पायल कानाला हेडफोन लावून बसली होती. तिनंही हातानं खूण केली, जा. मी माझ्याच खोलीतून बाहेर आलो आणि आवाज होणार नाही असं हळू दार लावून घेतलं.