पूर्णाकाठी कॅमेरा पडला तेव्हा

मराठवाड्यातल्या वाचकहो, तुमची आणि माझी एक तक्रार जुनी आहे. सचित्र अंक हातात घ्यावा, तर त्यात काश्मीरचे तळे, महाबळेश्वरचे धुके, कोकणातली माडाची बाग. आपला मुलूख त्यात कधी नसतो. निजामाच्या राजवटीत आपली भाषा कचेरीच्या पायरीवर उभी होती. ती राजवट गेली, हैदराबाद राज्य मोडले, आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. नकाशावरचा रंग बदलत राहिला, पण आपल्या गावाचे चित्र काढायला कुणी आले नाही. आपले नाव छापून येते ते टंचाईच्या बातमीत, आणि तेही बिनचित्राचे.

सभेत हे मी अनेकदा गर्जून सांगितले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. यंदा दिवाळी झाल्यावर ठरवले की टाळ्या पुरे, आता आपणच जायचे.

जायचे होते येलदरीला. पूर्णेवर तिथे धरणाचे काम चालू आहे. धरणाला माझा विरोध नाही. वीज हवी, पाणी हवे, हे मी चौकाचौकांत बोललो आहे. पण त्या पाण्यासाठी जी गावे जागा सोडत आहेत त्यांचे तोंड आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? माझ्याकडे घडीचा कॅमेरा आहे. पेटी उघडली की समोरचे भिंग दोन दांड्यांवरून पुढे सरकते, आणि मध्ये काळ्या कातड्याचा घड्यांचा भाता असतो. तो, त्याची तीनपायी घोडी, एक जादा रीळ आणि छत्री घेऊन निघालो.

सोनपेठहून गंगाखेडपर्यंत सकाळची एसटी मिळते. पुढे रेल्वेने गोदावरी ओलांडून परभणी, आणि परभणीहून पुन्हा एसटीने बोरीवरून जिंतूर. जाणाऱ्यांनी परभणीलाच पोटभर जेवून घ्यावे. स्टेशनाबाहेरच्या खानावळीत रुपयाच्या आत भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी मिळते, आणि चटणी दुसऱ्यांदा मागितली तर मालक कपाळाला आठी घालत नाही. जिंतूरचा रस्ता बोरीपर्यंत बरा आहे. नंतर गाडीच्या मागच्या बाकावर बसू नये. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि कोवळी ज्वारी, आणि आत धूळ.

माझ्या मांडीवरच्या पेटीकडे शेजारचा शेतकरी बराच वेळ बघत होता.

"पेटी वाजवतेत का?" त्याने विचारले.

"कॅमेरा आहे. फोटो काढायचा."

"मंग मांडीवर काहून घेतलाय लेकरावाणी? वर ठिवा की."

"वरून पडेल."

"पडायचं आसंल तर मांडीवरून बी पडतंय," तो म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

जिंतूरला धर्मशाळेत जागा मिळते, पांघरूण मात्र आपले न्यावे. सकाळी नेमगिरीच्या टेकडीचे दोन फोटो घेतले. मग सिमेंट घेऊन धरणाकडे निघालेल्या ट्रकवाल्याला विनंती केली. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त वाटभर माझ्याकडून देशाचे राजकारण समजून घेतले आणि शेवटी ते आपल्याला पटले नाही असे सांगितले. येलदरीला नदीच्या पात्रात माणसे मुंग्यांसारखी कामाला लागली होती. डोक्यावर पाट्या, कडेला दगडांचे ढीग, मध्ये पूर्णेची हिरवी धार. मी मन भरून फोटो काढले. असे दृश्य आपल्या जिल्ह्यात आहे हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना दाखवायचे, एवढेच डोक्यात होते.

तिथून नदीच्या कडेने चालत एका गावाला गेलो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचे कारण पुढे येईल. हे गाव उठत होते. लोक आपापली घरे स्वतःच उतरवत होते, कारण खांब, तुळया आणि दारे नव्या जागी न्यायची होती. अर्धे गाव भिंतींचे होते आणि अर्धे नुसत्या मातीच्या ढिगांचे. मधूनमधून बैलगाड्या लाकडांनी भरल्या जात होत्या.

कुणीतरी पुढे निरोप दिला होता, की सोनपेठचे भाषणवाले गुरुजी यायलेत. पारावर माणसे जमली. किसनबुवा म्हणून गावातले वडीलधारे गृहस्थ झेंडूचा हार घेऊन उभे होते. मी हार घेत नाही, हे माझे व्रत आहे. मी म्हणालो, "बुवा, माणसाच्या गळ्यात हार घालून आपण फार माणसे बिघडवली. घालायचाच तर कामाला घाला, हत्याराला घाला."

किसनबुवांना हे पटले. दसऱ्याला नांगर-विळा पुजणारी ती माणसे. त्यांनी घोडीवर उभ्या केलेल्या माझ्या कॅमेऱ्याला हळद-कुंकू लावले, समोर नारळ फोडला, आणि तो भरघोस हार त्याच्या गळ्यात घातला. लोकांनी हात जोडले. मी भारावलो. भारावलो की मी बोलू लागतो. कॅमेऱ्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून मी बोलू लागलो. यंत्रयुग, श्रमाची प्रतिष्ठा, या भूमीचा न लिहिलेला इतिहास.

वाक्य पुरे व्हायच्या आत पुढची माणसे ओरडली. मी वळलो. गाडीचा सोडलेला एक बैल मान लांब करून झेंडू खात होता. मी धावलो आणि हार ओढला. बैलानेही ओढला. घोडीचा एक पाय उचलला गेला, आणि माझ्या हाताला लागून निसटत कॅमेरा पाराच्या दगडी कडेवर आपटला.

पेटीचे मागचे दार उघडून पडले होते आणि रीळ उन्हात लोंबत होते. नेमगिरी, धरण, पाट्या वाहणाऱ्या बाया, सारे त्या उजेडात गेले. भाता एका कोपऱ्यात फाटला होता, एक दांडी वाकली होती, आणि ज्यातून नेम धरायचा त्या काचेचा भुगा झाला होता.

"गुरुजी," किसनबुवा हळूच म्हणाले, "हार तुमच्या गळ्यात आसता तर बैल तुमच्याकडं आला आसता. तुमी तरी सरकला आसता."

हसू फुटले. मलाही आले. पण एक बाई हसली नाही. तिशीच्या आतली, कमरेला पदर खोचलेली, हाताला माती. तिचे नाव इथे सुभद्रा म्हणू. ती गर्दीतून पुढे आली आणि तिने फुटक्या कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले.

"आता फोटू न्हाई निघायचा?"

"कसा निघेल, बाई?"

"मंग माज्या घराचं कसं?"

तिचे म्हणणे एवढेच होते. नवरा मारुती ऊसतोडीला नगरकडे गेलेला. माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, दोन खणांचे घर त्याने स्वतः बांधलेले, तुळया स्वतः तासलेल्या. गाव उठणार हे ठाऊक होते, पण ते उन्हाळ्यात, तो परतल्यावर, असे सारे धरून चालले होते. आता आधीच उठायचा हुकूम आला. फोटोवाला येणार असे कळल्यावर सकाळपासून तिने घरावरची माती काढू दिली नव्हती. तिचा सासरा दगडोबा आणि दीर नामदेव दोन उसन्या गाड्या जुंपून वाट बघत होते.

"त्यानं बांधलंय," ती म्हणाली. "आल्यावर त्याला काय दावू? पानी?"

नामदेव मागून म्हणाला, "वैनी, झालं ना आता. दिस कलायच्या आत गाड्या परत द्यायच्या हायत. मी चढायलोय वर."

"चढा. पर एक किलच जरी काडला तर मी उतरू देनार न्हाई तुमाला खाली."

तरी तो वर चढला, आणि हट्टाने एका कोपऱ्याची माती आणि किलचाच्या चार लाकडी पट्ट्या काढल्या. सुभद्राने शिडीच काढून घेतली. दीर माळवदावर, वहिनी खाली, शिडी तिच्या खांद्याला.

सभेत मी लोकांना हजारदा विचारले आहे, की अडचण आली म्हणून बसून राहणार का? तो प्रश्न त्या दिवशी कुणी मला विचारला नाही, तरी मला तो ऐकू आला. मी पारावरच बैठक मारली आणि कॅमेरा मांडीवर घेतला. झडप दाबून पाहिली. खटका पडत होता. भिंग शाबूत होते. म्हणजे जीव होता. वाकलेली दांडी लाकडाच्या तुकड्यावर ठेवून ठोकून जमेल तेवढी सरळ केली. राहिला भाता.

"मोट फाटली की शिवतोच की आमी," दगडोबा म्हणाले. "आना, दाभन हाय."

"शिवले तर टाक्यांची भोके पडतील, बाबा. तेवढ्या भोकांतून उजेड शिरला तरी फोटो गेला."

"मंग डिंकानं डकवा," सुभद्रा म्हणाली. "बाभळी काय कमी हायत व्हय?"

डिंक आला. मी माझी काळी छत्री उघडली आणि तिचा एक पदर कात्रीने कापला. ती छत्री माझ्या आवडीची होती, हे आज लिहितो, तेव्हा आठवले नाही. चुलीवरच्या तव्याची काजळी डिंकात कालवली, कापडाचे दोन तुकडे आतून-बाहेरून चिकटवले. ओला डिंक सुकेना. सुभद्राने कॅमेरा चुलीच्या धगीपासून हातभर दूर धरला आणि तशीच बसून राहिली.

वरून नामदेव ओरडला, "वैनी, तहान लागली."

"फोटू झाल्यावर प्या."

"मी फोटूत येतो का मंग?"

"या की. वरच बसा, कारभारी दिसताल."

घोंगडीखाली हात घालून जादा रीळ भरले. मागचे दार सुतळीने करकचून बांधले. ऊन उतरू लागले होते. नेमाची काच नव्हती, म्हणून गुडघ्यावर बसून पेटीच्या कडेवरून बंदूक रोखावी तसा नेम धरला. दारात सुभद्रा, तिच्या बाजूला दगडोबा, माळवदाच्या मोडक्या कोपऱ्यावर पाय सोडून नामदेव, मागे लिंबाचे झाड आणि गावातली उरलेली एक-दोन घरे. मी सांगितले, हलू नका. कुणी हलले नाही. बैल तेवढा हलला असेल. खटका पडला. मग आणखी काही काढले, एखादा तरी निघावा म्हणून.

शिडी लावली गेली, नामदेव पाणी प्यायला, आणि घर उतरवायला सुरुवात झाली. मीही तुळई धरायला हात लावला. कामात असतानाच मी सुभद्राला म्हणालो, की हा फोटो निघाला तर मी वर्तमानपत्रात देईन, सारा महाराष्ट्र बघेल.

ती थांबली. "न्हाई. पेपरात देऊ नका."

"अगं, तुमचे दुःख लोकांना कळायला नको?"

"गोष्ट सांगा खुशाल. गावाचं नाव नगं, आनि फोटू नगं. घरधन्यानं बगायच्या आदी लोकांनी काहून बगावं त्याचं घर?"

माझ्याकडे उत्तर तयार होते. लोकजागृती, चित्राची ताकद, सारे ओठांवर होते. पण घर तिचे होते. मी शब्द दिला.

परतीची वाट वेगळी धरली. जिंतूरहून देवगाव फाट्यावर आलो. तिथे गाड्यांची वाट बघत बसावे लागते. चहा आणि गरम भजी मिळतात, पण चहाला गुळाची चव असते हे माहीत असावे. फाट्यावरून सेलू, सेलूहून रेल्वेने परभणी. परभणीच्या ओळखीच्या फोटोवाल्याने दोन्ही रिळे धुतली. पहिल्यावर काहीच नव्हते. दुसऱ्यातले बरेच फोटो धुक्यात बुडालेले. घराचा एक निघाला. डाव्या बाजूला छत्रीच्या कापडाच्या कडेने शिरलेल्या उजेडाचा पांढरा पट्टा, उजवीकडचे लिंबाचे झाड पुसट. पण दार स्वच्छ आहे. दारातली सुभद्रा स्वच्छ आहे. चौकट, कडी, तासलेल्या तुळईचे टोक, सारे ओळखू येते.

दोन प्रती काढल्या. एक जिंतूरच्या स्नेह्यामार्फत तिच्याकडे, दुसरी आमच्या बाजूच्या एका मुकादमाबरोबर कारखान्यावर मारुतीला. मुकादम परवा सोनपेठच्या बाजारात भेटला. मी अधीर होऊन विचारले, काय म्हणाला मारुती?

"लय येळ बगत बसला," मुकादम म्हणाला. "मंग मनला, नामदेवला आक्कल न्हाई. कोपऱ्यातून किलच काडत आसतेत व्हय? आदी मधली माती काडावी लागती. आनि तुळया वल्ल्या जाग्यात ठिवू नका मनून सांगा मनला."

"एवढेच?"

"फोटू उशाला ठिवलाय त्यानं. रातच्याला पाचटाच्या कोपीत आलेल्या समद्यांना दावतो. ह्यो माजा दरवाजा, ह्यो माजा खांब. ह्यो येडा वर बसलाय त्यो माजा भाऊ."

वाचकहो, म्हणून या लेखालाही चित्र नाही. मी चित्रे आणायला गेलो आणि रिकाम्या हाताने आलो, असे कुणी म्हणेल तर म्हणो. माझ्या घरी भिंतीवर फुटक्या पेटीचा, डिंकाने डकवलेला कॅमेरा टांगलेला आहे, आणि आता मला वाटते की आपली तक्रारच मी उलट्या बाजूने मांडत होतो. मुंबईने आपले चित्र पाहिले नाही, याचे दुःख आहेच. त्याहून मोठे दुःख हे, की ज्याने घर बांधले त्याच्याकडेही त्याचे चित्र नाही. मुंबईला नंतर दाखवू. आधी मारुतीला दाखवू.

पूर्णेच्या काठी अजून गावे उठायची आहेत. ऊसतोडीला गेलेली माणसे उन्हाळ्यात परततील तेव्हा दारे गाड्यांवर गेलेली असतील. परभणीत, सेलूत, जिंतुरात ज्याच्या घरी कॅमेरा आहे, मग तो कितीही जुना, कितीही फुटका असो, त्याने या रविवारी जिंतूरची गाडी पकडावी, पूर्णाकाठच्या एका गावात जावे, आणि ज्या घरचा माणूस ऊसतोडीला गेला आहे त्या घराचा, दारासकट, एक फोटो काढून त्याच्याकडे पोहोचवावा.