दुर्बिणीला हार

खंडेनवमीला मुलीच्या शाळेत गेलो, तर प्रयोगशाळेत दुर्बिणीची पूजा मांडलेली. नळीला झेंडूचा हार आणि चक्क भिंगावर कुंकवाचं बोट!

"यातून मुलांनी शेवटचं कधी पाहिलं?" मी विचारलं.

"छे हो, फुटली म्हणजे? वर्षभर कपाटातच असते," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. चारशे वर्षांपूर्वी अशाच नळीतून आकाश पाहणाऱ्याला धर्मपीठाने घरात डांबलं. ते लोक निदान हिला घाबरत तरी होते. पाहिलं तर आपलं जग कोसळेल, एवढं त्यांना कळत होतं. आम्ही मात्र हात जोडले आणि मोकळे झालो.

मी रुमाल काढून भिंग पुसायला लागलो, तशा बाई ओरडल्या, "अहो, आज हात लावायचा नसतो तिला!"