पेंटरबाई आणि बाजूचं दार

पेंटरबाईंना रस्त्यानं सरळ चालता येत नाही. पाय धडधाकट आहेत हो, खोड डोळ्यांची आहे. चार पावलं टाकली की एखादी पाटी दिसते आणि बाई जागच्या जागी थांबतात. एक डोळा मिटायचा, दुसरा बारीक करायचा आणि मान कलती करून बघत राहायचं. सगळं धूसर झालं की अक्षरं विरघळतात, नुसते गडद-फिके गठ्ठे उरतात. मग पाटीचा तोल कुठे गेलाय ते समजतं म्हणे. मागून येणारी माणसं धडकतात, पुटपुटत निघून जातात. बाईंना त्याचं काही सोयरसुतक नसतं.

चाळीस वर्षं त्या पाट्या रंगवताहेत. वडिलांच्या हाताखाली शिकल्या, तेही रागानं. पहिली दोन वर्षं वडिलांनी ब्रशला हात लावू दिला नाही, नुसत्या रेघा आखायला लावल्या. तेव्हापासून बाईंना वडिलांचा एकच प्रश्न चिकटलाय: आधी काय दिसलं? शेजारीण औषधाचा खोका घेऊन आली की तो तिच्यापुढे क्षणभर धरायचा, पाठीमागे लपवायचा आणि विचारायचं, "आधी काय दिसलं?" शेजारीण बिचारी डोकं दुखतंय म्हणून आलेली. पण उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

गिऱ्हाइकांशी तर रोजची हमरीतुमरी. एकदा एक शिंपी आला. त्याला चार फुटांच्या पाटीवर दुकानाचं नाव, स्वतःचं नाव, फोन नंबर, कात्री, दोन गुलाब आणि शिवून मिळणाऱ्या अठरा प्रकारांची यादी हवी होती. बाई म्हणाल्या, "अहो, प्रवासाची बॅग भरताय का? कोंबताय नुसतं!" शिंपी म्हणाला, "एवढी जागा मोकळी सोडायची म्हणजे वाया नाही का जाणार?" "मोकळी जागा मी सोडत नाही, ठेवते. तिच्यामुळेच तुमचं नाव दिसणार आहे." शेवटी कात्री राहिली, गुलाब गेले, आणि शिंपी महिनाभर तोंड फुगवून बसला. नंतर तोच भावाला घेऊन आला, भावाच्या दुकानासाठी.

बाईंचे मिस्टर घड्याळजी. दुकान बंद केलं, पण जुनं स्टॉपवॉच अजून खिशात असतं. भात किती मिनिटांत शिजला हेसुद्धा ते टिपून ठेवतात. मुलगी दुसऱ्या गावात वेबसाइट बनवते आणि अडलं की आईला फोन करते. बाईंना संगणक चालू करता येत नाही, पण मुलीनं चित्र पाठवलं की मोबाइल हातभर लांब धरून, डोळे बारीक करून सांगतात, "तुझं ते निळं बटण आणि वरचा निळा पट्टा दोघं एकाच सुरात बोलताहेत. कुणाचं ऐकायचं?" आणि मुलगी मुकाट्यानं बदल करते.

तर अशा या बाईंना गावातल्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावणं धाडलं.

अडचण साधी होती आणि जिवावरची होती. हॉस्पिटलला दारं दोन. फाटकातून आत शिरलं की समोर काचेचं मोठं दार, ते नेहमीच्या तपासणीचं. अत्यवस्थ रुग्णांचं दार मात्र डाव्या बाजूला, इमारतीच्या कोपऱ्याआड, करड्या रंगाचं. गाड्या फाटकाबाहेर थांबायच्या; घाबरलेली माणसं तिथल्या चाकांच्या खुर्चीत रुग्णाला बसवून धावत यायची ती थेट काचेच्या दारातून आत. तिथून त्यांना परत फिरवायचं, खुर्ची वळवायची, कोपरा गाठायचा, यात चार-पाच मिनिटं जायची. डॉक्टर म्हणाले, "बाई, ती चार मिनिटं मला कुठून परत मिळत नाहीत. एक कंपनी छापील बोर्ड द्यायला तयार आहे. पण या गावच्या पाट्या तुम्ही केल्यात. आठ दिवस घ्या. तुमच्यानं झालं नाही, तर त्यांना सांगतो."

बाईंनी जीव ओतून पाटी केली. पांढऱ्यावर लाल, 'तातडीचे रुग्ण', खाली डावीकडे जाणारा जाड बाण, भोवती भरपूर मोकळी जागा. फाटकापाशी चांगला उंच खांब रोवून पाटी चढवली, पलीकडून डोळे बारीक करून पाहिली आणि स्वतःवरच खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल टाकून समोर बसल्या. मिस्टर स्टॉपवॉच घेऊन शेजारी.

संध्याकाळपर्यंत तातडीचे चौदा जण आले. त्यातले नऊ काचेच्या दारात.

बाईंचं तोंड एवढंसं झालं. परत येणाऱ्या एका माणसाला त्यांनी अडवून विचारलं, "दादा, पाटी दिसली नाही का हो?" तो मागे वळून बघत म्हणाला, "कुठली? ही होय! छान आहे की." छान! बाईंना कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

दुसरी कुणी असती तर लोकांनाच नावं ठेवून मोकळी झाली असती. बाईंना मात्र हे कोडं सुटेपर्यंत घास गोड लागेना. का जातात? अक्षर लहान आहे? नाही. रंग फिका? छे. मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "आई, आमच्याकडेही कुणी वाचत नाही. अंगठा जिकडे जातो तिकडे माणूस जातो. मी आधी अंगठा कुठे फिरतो ते बघते, मग बटण ठेवते." बाईंनी फोन ठेवला तो एक ठरवूनच: आधी माणसाचे पाय कुठे जातात ते बघायचं.

सकाळी त्यांनी हॉस्पिटलमधून चाकांची खुर्ची मागून घेतली आणि मिस्टरांना तिच्यात बसवलं. "कण्हा जरा. पेपर वाचायला बसल्यासारखे काय बसलात!" मिस्टर असे कण्हले की झाडणारी बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तिची समजूत घालून खुर्ची फाटकाबाहेर नेली, मग ढकलत आत आणली, आणि बाई सरळ बाजूच्या दारात पोचल्या. पुन्हा एकदा केलं, पुन्हा तेच. "याला काय अर्थ आहे? मला दार ठाऊकच आहे," बाई वैतागल्या.

"तू दाराकडे बघतेस म्हणून," मिस्टर म्हणाले. "माझ्याकडे बघ." आणि तिसऱ्या खेपेला फाटकात शिरताशिरता त्यांनी मान टाकली. डोळे मिटले, एक हात खुर्चीबाहेर लोंबायला लागला, देह घसरला.

नाटक आहे हे डोक्याला माहीत होतं, हातापायांना नव्हतं. बाईंनी एका हातानं त्यांचा सदरा मुठीत धरला, दुसऱ्यानं खुर्ची रेटली आणि त्या धावत सुटल्या. चाक खड्ड्यात जाऊ नये, मान हिंदकळू नये, बस्स. थांबल्या तेव्हा समोर काच होती आणि काचेत त्यांचाच घाबराघुबरा चेहरा. पाटी रंगवणारी बाई स्वतः चुकीच्या दारात उभी!

"उठा हो," त्या म्हणाल्या आणि तिथेच त्यांना रडू फुटलं. मिस्टर ओशाळून उठले, पाठीवर हात फिरवत राहिले. "अगं, आहे मी. हा बघ, आहे." डोळे पुसतापुसताच बाईंनी विचारलं, "मी धावताना कुठे बघत होते?"

"माझ्याकडे. आणि खाली, जमिनीकडे."

"आणि पाटी?" दोघांनीही वर पाहिलं. पाटी अकरा फूट उंचावर होती. चाळीस वर्षं दुकानांच्या शटरच्या वर पाट्या चढवल्या, त्या सवयीनं हात वर गेला होता. बाजारात माणूस रमतगमत येतो, मान वर करतो. बापाला खुर्चीतून नेणारा माणूस मान वर करत नाही. बाईंनी लगोलग डॉक्टरांना गाठलं.

"पाटी काढते. जमीन रंगवते. फाटकापासून हातभर रुंद लाल पट्टा, वळून थेट बाजूच्या दारापर्यंत, आणि ते दारही लाल. काचेच्या दारापुढच्या फुलांच्या कुंड्या हलवा, त्या कुंड्याच माणसाला तिकडे बोलावतात. एकाला मोठ्यानं बोलायचं असेल तर बाकीच्यांना गप्प करावं लागतं."

"आणि अक्षरं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दारावर दोन शब्द. वाटेत काही नाही."

हे सांगताना त्यांना किती जड गेलं ते डॉक्टरांना कळणं शक्य नव्हतं. अक्षरांवर उभा जन्म काढला आणि ऐन परीक्षेला अक्षरंच कामाची नव्हती! खांबावरची पाटी त्यांनी स्वतः उतरवली, कापडात गुंडाळली. मग दोन दिवस गुडघ्यांवर बसून, खडू चोळलेली दोरी ताणून, रस्त्यावर मारायच्या जाड रंगानं पट्टा ओढला. वळणाला चाक सहज फिरेल अशी गोलाई यावी म्हणून तेवढाच भाग तीनदा आखला.

आठवा दिवस. पुन्हा स्टूल, पुन्हा स्टॉपवॉच. दुपारपर्यंत सहा जण आले, सहाही लाल दारात. सातव्या खेपेला एक गाडी फाटकाबाहेरच करकचून थांबली. तिशीतल्या एका मुलीनं म्हाताऱ्या वडिलांना फाटकापाशच्या खुर्चीत बसवलं आणि "बाबा, डोळे उघडा, बाबा" म्हणत ती धावत सुटली. एकदाही मान वर केली नाही. पट्टा वळला तशी वळली आणि दारातून आत दिसेनाशी झाली. "बत्तीस सेकंद," मिस्टर पुटपुटले.

डॉक्टर व्हरांड्यातून हे बघत होते. त्यांनी खिशातून फोन काढला, कंपनीच्या माणसाला "नको, आता गरज नाही" एवढंच सांगितलं आणि लगबगीनं आत गेले.

तासाभरानं ती मुलगी बाहेर आली आणि बाईंच्या स्टुलाशेजारी कठड्यावर बसली. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. घटाघटा पिऊन ती म्हणाली, "वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं."

बाईंना राहवलं नाही. "दार लगेच सापडलं का गं?"

मुलीनं चमत्कारिक नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं. "सापडायचं काय त्यात, काकू? समोरच तर होतं."

मिस्टर काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला.

"हो ना," पेंटरबाई म्हणाल्या. "समोरच आहे."