लॅटव्हियातल्या एका गावचा कॉयर

मंडळी, आज लंचला मी गप्प बसायला हवं होतं.

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी ईल्झे बसते. ती लॅटव्हियाची. बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश, निम्मं जंगल. मी फोनवर लोकसंख्या बघितली आणि म्हणाले, "अगं, यापेक्षा जास्त माणसं आमच्या एकट्या पुण्यात आहेत." पुण्याबद्दल बोलताना आपला जो सूर लागतो, त्याच सुरात.

ती शांतपणे सूप पीत राहिली. मग म्हणाली, "म्हणून तर आमच्याकडे एक माणूस गेला तरी कळतं."

त्यांच्याकडे गावोगावी कॉयर, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचे गट असतात. दर पाच वर्षांनी हे सगळे राजधानीत, रीगात जमतात आणि हजारो माणसं एकत्र गातात. ईल्झेच्या गावचा कॉयर सोव्हिएत राजवटीतही चालू होता. पुढे देश युरोपियन युनियनमध्ये गेला आणि तरुण माणसं जास्त पगारासाठी बाहेर पडली. ईल्झे आणि तिची बहीण इकडे आल्या, तेव्हा खालच्या सुरात गाणारं गावात कोणी उरलं नाही. कॉयर बंद पडला.

"तू निघालीस तेव्हा काय बंद पडलं?" तिने सहज विचारलं.

मला कोथरूडचा माझा फ्लॅट आठवला. आठवड्याभरात भाडेकरू आला होता. "काही नाही," म्हटलं आणि डबा धुवायला उठले.

घरी येताना बसमध्ये पुन्हा आठवून बघितलं. उत्तर तेच आलं.

तुम्ही निघालात तेव्हा मागे काय बंद पडलं?