x च्या वर्गाचा तास आणि भिंतीवरचा तक्ता

दहावीपर्यंत आम्ही मराठीत शिकलो, आणि पी.यू.च्या पहिल्या वर्षी, म्हणजे अकरावीला, गणितातले सगळे शब्द इंग्रजी झाले नि आम्ही तासाला मुके झालो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. आमच्या काकती गावाहून एकाच बसनं कॉलेजला यायचो. सीमाभागातल्या मराठी चळवळीचे फलकही दोघंच रंगवायचो, ठोकळ्या अक्षरांत, म्हणजे कुणी काय लिहिलं ते ओळखू येत नाही. तसाच एक तक्ता केला: फंक्शन म्हणजे फलन, इन्व्हर्स म्हणजे व्यस्त फलन. वर्गात चिकटवला. विचारलं तर दोघांनीही गप्प बसायचं, असं ठरलेलं.

गणिताचे सर आमच्याच भागातले, घरी मराठीच बोलणारे, पण चळवळ कॉलेजात नको म्हणणारे. तक्ता बघून आमच्याकडं वळले. "ही ठोकळी अक्षरं तुम्हा दोघांचीच. कुणी केलं? वडलांना घेऊन येईपर्यंत वर्गात पाय ठेवायचा न्हाय."

आम्ही गप्प. सरांनी खडू उचलला. फलन x चा वर्ग. "f(a) आणि f(b) सारखे धरा. a² = b². म्हणजे (a−b)(a+b) = 0. a = b, न्हायतर a = −b. नऊ आले, तर आधी तीन होते का उणे तीन? सांगता येत न्हाय. इन्व्हर्स न्हाय."

मला हायसं वाटलं. तक्त्यावरून मागं जाऊन आमच्यातला कोण, हे सरांनाही सांगता येणार नव्हतं.

"आता अट घाला, x शून्य किंवा त्याहून मोठा. उणे बाजू गेली. a = b एवढंच उरलं. आता इन्व्हर्स आहे."

तेवढ्यात माझा मित्र उठला. "सर, मी न्हाय."

निम्मी अक्षरं त्याची होती! मागनं कोणतरी खिदळलं, "चला क्रांतिवीर, बाहेर!" मी दप्तर उचललं.

संध्याकाळी बसमध्ये तो शेजारी येऊन बसला. "काय करू रं? आप्पांना कळलं असतं तर कॉलेज बंद केलं असतं."

"आणि माझे आप्पा पेढे वाटणार हाईत व्हय?"



माझे आप्पा रोजगार बुडवून आले, सरांपुढं हात जोडून उभे राहिले. मी वर्गात परतलो तेव्हा तक्ता फाडलेला होता, भिंतीवर खळीचे चार डाग. तो पहिल्या बाकावर.

त्या आठवड्यात मी तक्ता पुन्हा लिहिला. एकट्यानं, माझ्या वाकड्या अक्षरात, खाली माझी सही करून.