साहेब आले, पण जाईनात

नोंदणी खात्याच्या मुख्य कचेरीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथे एक खोली होती. खोलीला खिडकी नव्हती. थंडी मात्र भरपूर, कारण ती माणसांसाठी सोडलेली नव्हतीच. ती सर्व्हरच्या कपाटांसाठी होती. त्या कपाटांच्या शेजारी, अंगात जाड स्वेटर आणि पायांत लोकरीचे मोजे घालून एक बाई बारा महिने बसायच्या. हजेरीपटावर त्यांचं चांगलं नाव होतं, पण अख्खं खातं त्यांना ओळखायचं ते 'कळलाव्या बाई' म्हणून. त्या इथे एक कळ दाबायच्या आणि तिकडे शाखाशाखांतून लोकांना कळा सुटायच्या, म्हणून.

खात्याच्या शाखा गावोगाव होत्या. प्रत्येक शाखेत जन्माची, लग्नाची आणि मृत्यूची अशा खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एक टर्मिनल. टर्मिनल म्हणजे एक पडदा, एक कळफलक आणि टेबलाखाली ठेवलेली चपटी डबी. डबीला स्वतःचं डोकं नाही. डोकं सगळं मुख्य कचेरीत. या बाबतीत ती खात्यातल्या बाकीच्यांहून फारशी वेगळी नव्हती. सकाळी जाग आल्यावर आपण कोण आणि हुकूम कुठून घ्यायचे एवढं तिला आठवलं की झालं. हे आठवावं म्हणून तिच्या पोटात जो मजकूर कोरून ठेवलेला असतो, त्याला म्हणतात फर्मवेअर. तो अधूनमधून बदलावा लागतो, आणि बसल्या जागेवरून, तारेतून, सगळ्या शाखांत एकदम बदलणं हे बाईंचं काम.

घरी सासूबाईंना हे काम काही केल्या पटत नसे.

"सूनबाई करते तरी काय तिथे?" त्या मुलाला विचारायच्या. मुलाचं, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचं, चष्म्याचं दुकान होतं. त्याचं काम दिसायचं तरी.

"लांबच्या मशीन बंद करते आणि परत चालू करते, आई."

"चालूच करायच्या तर बंद कशाला करते?"

या प्रश्नाला नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर खात्याकडेही नव्हतं.

बाई कामाला पक्क्या होत्या. त्यांनी पाठवलेला अपडेट आजवर कधी फसला नव्हता, आणि याचा त्यांना गर्व होता. त्यांनी एकही शाखा डोळ्यांनी पाहिली नव्हती, आणि याचाही थोडा गर्वच होता. "मला जावं लागत नाही, यातच माझं काम आलं," असं त्या म्हणायच्या. शाखा म्हणजे त्यांच्या पडद्यावरचे ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक. लाल ठिपका म्हणजे कुणीतरी गाढवपणा केला.

अशात संचालकसाहेबांची निवृत्ती जवळ आली आणि साहेबांना अमर व्हायची हुक्की आली.

आधीच्या साहेबांनी इमारतीवर पाटी लावून घेतली होती. त्याच्या आधीच्यांनी आवारात कारंजं बांधलं होतं. त्यातून पाणी कधी उडालं नाही, पण त्यावर नाव होतं. आता भिंतीवर जागा नव्हती आणि आवारात गाड्या लागत होत्या. साहेब विचारात पडले. एका सकाळी त्यांनी आपल्या टेबलावरचा संगणक सुरू केला, त्यावर बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह उमटलं, आणि साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

लगेच बैठक बसली. बाईंना वरून खाली बोलावणं आलं. त्या स्वेटरसकट आल्या.

"प्रत्येक टर्मिनल सुरू होताना," साहेब म्हणाले, "आधी माझा फोटो यावा. खाली एक ओळ. 'मी आपल्या सेवेत आहे.' नागरिकांना दिलासा वाटेल."

"नागरिकांना पडदा दिसत नाही, साहेब. तो आतल्या बाजूला असतो," बाई म्हणाल्या.

"मग पडदे फिरवून घ्या," उपसंचालक म्हणाले. उपसंचालकांना खात्यात 'होयबा' म्हणत. साहेब शिंकले तरी ते मान डोलवायचे. "सगळ्या शाखांना तसं पत्र काढतो."

साहेबांनी फोटो दिला. तो फोटोग्राफरकडून मुद्दाम काढून घेतलेला होता. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. बाईंनी फाइलचा आकार पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"डबीत एवढी जागा नसते. फोटो बराच लहान करावा लागेल."

होयबांनी आधी साहेबांकडे पाहिलं आणि मग बाईंकडे, जणू त्यांनी साहेबांचं नाक कापायचं सुचवलं होतं.

"तीस वर्षांच्या सेवेनंतर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "मला लहान करायचं?"

"तुम्हाला नाही हो, साहेब. फोटोला."

"फोटोत कोण आहे?"

यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. "निदान एखाद्या शाखेत आधी चाचणी घेऊ द्या," बाई म्हणाल्या.

"चाचणी म्हणजे अविश्वास," होयबा म्हणाले, आणि बैठक संपली.

इथे बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण होणार नाही असं म्हटलं की मला जमत नाही असा त्याचा अर्थ निघतो, आणि ते बाईंच्या जिवावर आलं. त्या वर आल्या आणि डबीच्या पोटात जागा शोधू लागल्या. डबी जुन्या मजकुराची एक प्रत जपून ठेवायची, म्हणजे नवा मजकूर बिघडला तर मुकाट्याने जुन्यावर परतता यावं. इतक्या वर्षांत त्या प्रतीची एकदाही गरज लागली नव्हती. बाईंनी ती काढून टाकली आणि तिथे साहेबांची मिशी बसवली. टेबलावरच्या आपल्या टर्मिनलवर चालवून पाहिलं. फोटो झोकात आला, गेला, काम सुरू झालं. ते टर्मिनल नवं कोरं होतं. शाखांमधली त्याच्या आजोबांच्या पिढीतली होती, पण शाखा बाईंनी पाहिली कुठे होती?

दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडक्या बंद असताना त्यांनी कळ दाबली.

सगळे ठिपके नेहमीसारखे विझले. बाईंनी जेवणाचा डबा उघडला. डबा संपला, तरी एकही ठिपका परत हिरवा झाला नाही. मग फोन वाजला.

"बाई, साहेब आलेत," पलीकडचा कारकून म्हणाला.

"आले ना? छान."

"आलेत, पण जात नाहीत."

"म्हणजे?"

"नुसते हसतायत. कुठलीही कळ दाबली तरी हसतायत. इथे नवरा-नवरी उभी आहेत. काय करू?"

तो फोन ठेवतात न ठेवतात तोच दुसरा, मग तिसरा. जुन्या डब्यांचा जीव फोटो उघडण्यातच गेला होता. साहेब पडद्यावर यायचे, पडदाभर पसरायचे आणि तिथेच मुक्काम ठोकायचे. पुढे हलायचं नाव नाही. सगळ्या खात्यात त्या दुपारी कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही, कुणाचं लग्न झालं नाही.

होयबा धापा टाकत वर आले. "इथूनच दुरुस्त करा! तुमचं सगळं लांबूनच असतं ना?"

"लांबून करायला तिकडे कुणीतरी जागं असावं लागतं," बाई म्हणाल्या. "डब्या तारेपर्यंत पोचायच्या आधीच अडकल्यात. माझी हाक त्यांना ऐकूच जात नाही."

"मग?"

"मग हाताने. एकेका शाखेत जाऊन."

साहेबांना मात्र पहिला दिवस फार सुखाचा गेला. होयबांच्या पत्रामुळे पडदे लोकांकडे फिरवलेले होते, त्यामुळे प्रत्येक खिडकीतून साहेब जनतेकडे पाहून हसत होते. त्यांच्या मेहुण्याने मुद्दाम फोन करून सांगितलं, "दाजी, दिवसभर तुम्हीच!" दुसऱ्या दिवशी वेगळेच फोन यायला लागले. मृत्यूच्या खिडकीत मोठा फोटो, सोबत आपण सेवेत असल्याचं वाक्य आणि कारकून म्हणतोय काम बंद आहे. लोकांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. कुणीतरी पडद्यापुढे फुलं ठेवली. एका लांबच्या शाखेने शोकसभा घेऊन उरलेल्या दिवसाची सुट्टी जाहीर केली आणि ठराव मुख्य कचेरीला धाडला. तो चुकून साहेबांच्याच टेबलावर गेला. त्यात लिहिलं होतं: 'साहेबांच्या जाण्याने खात्याची अपरिमित हानी झाली असून, शाखेचे कामकाज नेहमीप्रमाणे बंद आहे.' साहेबांनी तो दोनदा वाचला. पहिल्या अर्ध्या वाक्याला त्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्या अर्ध्याला त्यांनी होयबांना हाक मारली.

बाई तोवर खात्याच्या गाडीत बसून निघाल्या होत्या. पर्समध्ये पेनड्राइव्ह आणि स्क्रूड्रायव्हर, सोबत एक अबोल ड्रायव्हर. बाहेर ऊन होतं. स्वेटर काढून मांडीवर घेताना बाईंना आपण काहीतरी विसरून आल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या शाखेत लग्नाच्या खिडकीमागे एक दांडगी, उंच आवाजाची कारकूनबाई होती. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या कळलाव्या?"

बाईंनी हे नाव तोंडावर कधी ऐकलं नव्हतं. "हो," त्या म्हणाल्या, "मीच."

"बरं झालं, दिसलात. मला वाटायचं, कुणीतरी तिशीतली नखरेल असेल. मागच्या वेळी तुम्ही 'जतन करा'ची कळ डावीकडे नेलीत आणि तिच्या जागी 'रद्द करा' आणून ठेवलंत. माझी किती लग्नं मोडली माहीत आहे?"

"ती डावीकडे जास्त बरी दिसत होती," बाई पुटपुटल्या.

"तुम्हाला दिसत होती हो. मी कुठे बघते? माझं बोट जातं."

बाई गुडघे टेकून टेबलाखाली शिरल्या. डबीवर धुळीचा थर होता, आणि डबी हलू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती. पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'अपडेट आला तर घाबरू नये. चहा प्यावा.' हा ठिपका आपण रोज पाहतो, हे बाईंना खरंच वाटेना. त्यांनी पेनड्राइव्ह खोचला, साहेबांना पडद्यावरून उतरवलं आणि जुन्या मजकुराची ती जपून ठेवायची प्रतही परत जागेवर ठेवली. पडदा उजळला.

बाकावरून एकदम ओरडा झाला. फोनवर ऐकलेलं ते जोडपं तिसऱ्यांदा येऊन बसलं होतं. नवरीच्या अंगावर पहिल्या दिवशीचाच इस्त्रीचा पोशाख होता, आता त्याची इस्त्री गेलेली होती. नवरीची आई पुढे आली.

"झालं का सुरू? लवकर करा बाई, नाहीतर ह्या दोघांचा विचार बदलेल."

"आई!" नवरी म्हणाली.

"साक्षीदार कुठायत?" कारकूनबाईने विचारलं.

एक होता, तो नवऱ्या मुलाचा मामा. दुसरा दोन दिवस हेलपाटे घालून कंटाळून आपल्या गावी निघून गेला होता. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कारकूनबाईने टेबलाखाली पाहिलं. बाई तिथून केसांतली जळमटं काढत बाहेर येत होत्या.

"ह्यांना घ्या. ह्यांच्यामुळेच अडलं होतं, ह्यांनीच सही करावी."

"मी तर यांना ओळखत नाही," बाई म्हणाल्या.

"आम्ही तुम्हाला ओळखतो ना," नवरा मुलगा हसून म्हणाला. "तुमच्या नावाने दोन दिवस खडे फोडतोय."

बाईंनी सही केली. ती थोडी वाकडी आली. नवरीच्या आईने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्या हातांवरची डबीची धूळ स्वतःच्या पदराने पुसली. बाईंना उगाचच रडू येईल असं वाटलं, म्हणून त्या पेनड्राइव्ह शोधू लागल्या. तो डबीतच होता.

मग पुढच्या शाखा. कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे चहा मिळाला, बहुतेक ठिकाणी दोन्ही. एका म्हाताऱ्या विधुराने, पत्नीच्या मृत्यूची नोंद झाल्यावर, "आता तरी तिला सुटका मिळाली," असं म्हटलं. ती सुटका आजारातून की खात्यातून, हे विचारायचा बाईंना धीर झाला नाही.

सगळे ठिपके हिरवे झाल्यावर चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थातच होयबा. समितीच्या मते फोटो निर्दोष होता, योजना दूरदर्शी होती आणि डब्यांनी अपेक्षित सहकार्य केलं नाही. बाईंना एकाच दिवशी दोन पत्रं मिळाली: निष्काळजीपणाबद्दल ताकीद आणि तत्परतेबद्दल अभिनंदन. दोन्हींवर सही एकाच माणसाची होती. ताकीद वाचताना बाईंना राग आला नाही, कारण जुन्या प्रतीची जागा साहेबांच्या मिशीला दिल्याचं त्यांना अजून टोचत होतं. अभिनंदन वाचताना मात्र त्या लाजल्या.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की, माझ्या चेहऱ्यावर जनतेने जे प्रेम केलं ते मी विसरणार नाही. टाळ्या वाजल्या, होयबांच्या सगळ्यात शेवटपर्यंत.

बाई पुन्हा वरच्या खोलीत गेल्या, पण कळ दाबायची रीत त्यांनी बदलली. आता त्या सगळ्या शाखांत एकदम काही पाठवत नाहीत. आधी एका शाखेला फोन करतात, पाठवू का विचारतात, आणि ती शाखा धड उठून बसली की मगच पुढची. होयबांनी यावर शेरा मारला की यात फार वेळ जातो. बाईंनी तो शेरा वाचून बाजूला ठेवला.

परवा त्यांनी एका शाखेच्या जन्माच्या खिडकीला फोन लावला.

"आत्ता पाठवू का?"

"आत्ता नको हो, बाई," कारकून दबक्या आवाजात म्हणाला. मागे एक तान्हं मूल जीव तोडून रडत होतं. "नावावरून आईबापांची जुंपलीय. आजी म्हणते तिसरंच ठेवा. अर्ध्यात मशीन बंद पडली तर मला खातील."

"बरं," बाई म्हणाल्या, "ठरलं की सांगा."

आणि फोन कानाला तसाच लावून, कोण जिंकतंय ते ऐकत बसल्या.